डावं मडगार्ड

माझ्या भाचीचं लग्न खारघरच्या एका लॉनवर होतं. वरात फाटकाशी आली तेव्हा मी ओवाळायचं ताट घेऊन पुढं उभी होते. नवरामुलगा जुन्या काळच्या उघड्या मोटारीतून येणार हे सगळ्यांना माहीत होतं. भाचीनं मला मोबाईलवर गाडीचे फोटोही दाखवले होते, पण चष्मा जवळ नव्हता, म्हणून मी "छान आहे" म्हणून मोकळी झाले होते.

गाडी वळली आणि मला तिचं तोंड दिसलं. लांबलचक बॉनेट, ताटाएवढे दोन दिवे, बाजूला पट्ट्यानं आवळलेलं जादा चाक, मागं घडी करून ठेवलेला कापडी टप. आमची गाडी काळी होती, ही सायीच्या रंगाची. तरी माझ्या हातातलं ताट हललं आणि निरांजन विझलं. शेजारच्या बाईंनी ते पुन्हा लावलं. नवरामुलगा उतरला, ओवाळून झालं, माणसं मांडवात गेली. मी मागं राहिले. ड्रायव्हरला विचारून आत डोकावले. लाकडी डॅशबोर्डच्या कोपऱ्यात पितळेचे सात बारीक खिळे ओळीनं ठोकलेले होते.

मी तिथंच पायरीवर बसले. मग भावाला फोन करून बाहेर बोलावलं. मुलीचा बाप तो, त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. चिडूनच आला. मी त्याचं बोट धरून पाचव्या खिळ्यावर ठेवलं. त्यानं एकदा खिळ्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि फेटा काढून हातात घेतला.

ते खिळे आमच्या आजानं ठोकले होते. दवाखान्याच्या वाटेवर जेवढी मुलं त्या गाडीत जन्मली, तेवढे खिळे. पाचवा माझ्या भावाचा. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि मधल्या घडीच्या सीटवर बसून आईचा पाय धरून होते. पुढं मी नर्स झाले, पस्तीस वर्षं आरोग्य केंद्रात काढली. कुणी विचारलं की या कामाकडं कशा वळलात, तर मी त्या गाडीचीच गोष्ट सांगायचे.

ती गोष्ट आमच्या घरात अशी होती. गाडी एका मिठाच्या व्यापाऱ्यानं विलायतेहून बोटीनं मागवली होती. तशा गाड्या देशात मोजक्याच आल्या होत्या. आजा त्या शेटचा ड्रायव्हर. आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं, सगळी घरं शेटच्या मिठागरात राबणारी. आजा मध्ये दोन वर्षं मुंबईच्या गोदीत कामाला गेला, परत आला तेव्हा शेटनं नवी गाडी घेतली होती आणि इमानदारीचं बक्षीस म्हणून जुनी आजाला देऊन टाकली. आजानं तिचा दवाखाना केला. बाळंतीण असो, साप चावलेला असो, आजा नाही म्हणाला नाही. पैसे त्यानं कुणाकडून घेतले नाहीत. पेट्रोलसाठी तो उरलेल्या दिवसांत पेण-उरणची भाडी मारायचा. तो गेल्यावर गाडी गोठ्यात पडून राहिली. पुढं गावाच्या जमिनी गेल्या, घर पाडून नवं बांधलं, तेव्हा वडिलांनी ती भंगारवाल्याला दिली. आता तर गावच विमानतळाच्या कुंपणात गेलं आहे.

लॉनवर गाडीशेजारी सोनेरी चौकटीत एक फलक उभा केला होता. त्यावर लिहिलं होतं की ही एका महाराजांची शिकारीची गाडी आहे आणि महाराज हिच्यातून वाघ मारायला जात. मी ते दोनदा वाचलं. जिच्या सीटवरचं रक्त आई आणि मी खाडीच्या पाण्यानं धुतलं होतं, तिच्यावर वाघ बसवले होते.

लग्न पार पडल्यावर मी गाडी भाड्यानं देणाऱ्याचा नंबर मिळवला. तो तिशीचा मुलगा निघाला. बोलायला अदबशीर. त्याच्या वडिलांनी गाडीचा सांगाडा भंगाराच्या बाजारातून उचलला होता.

"महाराजांचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही, आंटी," तो म्हणाला. "आम्हीच लिहिलं. कस्टमरला राजा हवा असतो. आम्हाला तरी कुठं माहीत होतं ती कुणाची आहे?"

"आमची आहे. म्हणजे, होती."

तो मग म्हणाला, "मग तुम्ही शेडवर या ना. आमचे मिस्त्री चाचा तुम्हाला भेटले तर खूश होतील. त्यांनीच ती उभी केली."

पुढच्या रविवारी मी कळंबोलीच्या त्याच्या शेडवर गेले. खरं सांगायचं तर मी त्याला सुनवायच्या तयारीनं गेले होते. आजाचं नाव फलकावर आलंच पाहिजे, असं मनाशी ठरवलं होतं.

मिस्त्री चाचा सत्तरीच्या पुढचे, पनवेलच्याच मोहल्ल्यातले. बापापासून पत्र्याचं काम करणारे. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा मागवला आणि गाडीभोवती फिरवत एकेक दाखवायला लागले. कुठलं लाकूड जुनं, कुठलं नवं, टपाच्या कमानी कुणाकडून वाकवून घेतल्या. पितळेचे खिळे त्यांनी कंपनीचे समजून जपले होते. त्यांची हकीकत मी सांगितली तेव्हा त्यांनी एकेका खिळ्यावरून अंगठा फिरवला.

मग ते पुढच्या बाजूला आले आणि डाव्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाले, "हे मात्र माझ्या अब्बांचं काम. मी रंग खरवडला आणि ठोके बघून ओळखलं. अब्बांचा हातोडा असाच पडायचा, तिरका. बघा, आतून हात लावून बघा."

मी हात घातला. पत्र्याच्या आत लहान लहान खळगे लागले.

"काय झालं होतं?" मी सहज विचारलं.

"बुरा किस्सा आहे, बाई. डोंगरातल्या वाडीवरची एक बाई लाकडाची मोळी घेऊन पनवेलला येत होती. तिला उडवलं या गाडीनं. जागेवर गेली. शेटचा पोरगा चालवत होता, हात बसलेला नव्हता त्याचा. पण डायवर पुढं झाला आणि म्हणाला, मी चालवत होतो. दोन वर्षं आत गेला बिचारा. अब्बा सांगायचे, गाडी दुरुस्तीला आली तेव्हा मडगार्डमध्ये लाकडाच्या काटक्या अडकलेल्या होत्या. सुटून आल्यावर शेटनं गाडी त्या डायवरलाच देऊन टाकली. तोंड बंद ठेवायची किंमत, दुसरं काय?"

माझा हात अजून मडगार्डच्या आत होता. तो मला बाहेर काढता येईना. चाचा बोलत होते आणि मला फक्त त्यांचे ओठ दिसत होते. गाडी भाड्यानं देणारा तो मालक मुलगा मघापासून माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं. त्यानं चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "चाचा, तो ड्रायव्हर यांचे आजोबा."

चाचा एकदम खाली बसले. "अल्ला," एवढंच म्हणाले.

मी फलकाबद्दल काहीच बोलले नाही. रिक्षा करून थेट बेलपाड्याला गेले. तिथं माझी आत्या राहते, वडिलांची थोरली बहीण. नव्वदीला आली आहे, चारी बाजूंना टॉवर उठलेत आणि मध्ये तिचं बैठं घर. ती ओट्यावर सुपात कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसली होती. मी चपला न काढताच विचारलं, "आत्या, आजा दोन वर्षं कुठं होता?"

तिनं मान वर केली नाही. "तुला कोनी सांगला?"

"म्हणजे खरं आहे."

"गोदीत नवता तो. ठान्याला तुरुंगात व्हता. मी चौदा वरसांची. आये आन् मी भाकऱ्या बांधून जायचो भेटाया. तुजा बापूस ल्हान, त्याला गोदी सांगली. त्यानं तीच गोदी तुमाला सांगली."

म्हणजे माझे वडील मरेपर्यंत खोटं बोलत नव्हते. त्यांनाही माहीत नव्हतं. हा धक्का पहिल्याहून मोठा की लहान, मला ठरवता येईना.

"पण का कबूल केलं त्यानं? ज्यानं मारलं त्यानं भोगायचं ना?"

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. "घर कोनाच्या जागेवर व्हता? शेटच्या. मिठागर कोनाचा? शेटचा. शेट बोलला, माझा एकच पोरगा हाय, तुजी पोरा मी सांबालतो. नाय बोलला असता तर दुसऱ्या दिवशी आमी रस्त्यावर."

"आणि गाडी? ती कशी घेतली त्यानं? माणूस मेलेली गाडी बक्षीस म्हणून घरी आणली?"

माझा आवाज चढला होता. आजावर मी आयुष्यात कधी चिडले नव्हते, आणि आता तो समोर नव्हता म्हणून आत्यावर चिडत होते.

आत्यानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "आयेनं पन हेच इचारला. जेवली नाय ती दोन दिवस. तवा तो बोलला, मी सोरली तर शेटचा पोरगा परत तीच चालवंल. माज्याकडं असली तर मला म्हायती तरी असंल ती कुठं हाय."

मी घरी आले. तीन दिवस नवीन पनवेलच्या माझ्या दोन खोल्यांत मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होते. लोकांना सांगितलेल्या सगळ्या गोष्टी मला आठवत होत्या. शाळेत निबंध लिहिला होता आजाच्या इमानदारीवर. आरोग्य केंद्रातल्या निरोपसमारंभात गाडीबद्दल बोलले होते, माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्या सगळ्यात ती मोळीवाली बाई कुठंच नव्हती. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं.

ते शोधणं फार अवघड गेलं नाही. गोव्याच्या रस्त्याला, कर्नाळ्याच्या अलीकडं डोंगराला टेकून कातकऱ्यांची एक वाडी आहे. नोकरीत असताना डोस पाजायला मी तिथं कितीदा गेले होते. तिथल्या आशा सेविकेला फोन केला. ती म्हणाली, "मोटारीखाली गेलेली का? तिची लेक आहे ना अजून. तुम्ही तिचं बीपी तपासलंय, बाई."

मी तिचं बीपी तपासलं होतं.

ती दाराशी बसली होती. ऐंशीच्या आसपासची, काटकुळी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. शेजारी तिचा मुलगा विड्या बांधायची पानं सारखी करत होता, तोही साठीकडं झुकलेला. मी खाली बसले आणि सांगितलं की मी त्या ड्रायव्हरची नात. पुढं काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, पण तिनं ते बोलूच दिलं नाही.

"म्हायती हाय," ती म्हणाली. "तू पयल्यांदा सुई टोचाया आलीस तवाच म्हायती झाला मला. तुजं नाक त्याचंच हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इचारलं नाय."

तिनं मला सगळं सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं. ती सहा-सात वर्षांची होती, आईच्या मागं चालत होती. गाडी कोण चालवत होतं ते तिनं पाहिलं होतं. गोरा पोरगा, डोक्याला तेल लावलेला. आजा बाजूला बसला होता आणि त्यानं स्टिअरिंगचं चाक धरायला हात घातला होता. तिनं हे पोलिसासमोर सांगितलं. पोलिसानं तिला गूळ दिला आणि घरी पाठवलं.

"सुटून आल्यावर तो हितं यायचा, गाडी घेऊन," ती म्हणाली. "खाली रस्त्याला उभा ऱ्हायचा. आमच्या लोकांनी धोंडे मारले. परत आला. परत मारले. मंग कोनी आजारी झालं की लोक जायला लागले त्याच्या गाडीतून. मी नाय गेले. मी कदी बसले नाय त्या गाडीत."

"कधीच नाही?"

तिनं मुलाकडं हनुवटी दाखवली. "ह्याच्या येळी दोन दिवस अडले. गाडी खाली उभी. सगळे बोलले, चल, मरशील. मी बोलले, मरते. तवा तुजा आजा वर आला. मला बोलला नाय काय. माज्या भावांनी झोळी बांधली व्हती, तिचा पुढचा दांडा त्यानं खांद्यावर घेतला. गाडी तितंच टाकली आन् चालत निघाला. पनवेल कुठं, आमी कुठं. वाटेत खांदा सोलला त्याचा, भाऊ बोलला सोड, तर सोडंना. पनवेलच्या अलीकडं पुलाजवळ हा झाला."

मुलगा पानांवरून नजर न काढता म्हणाला, "मामा सांगायचा. गाडी दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला."

मी तोंडाला पदर लावला. आजाच्या उजव्या खांद्यावर काळा घट्टा होता. लहानपणी आम्ही त्याला विचारायचो, तर म्हणायचा, मिठाच्या पाट्या वाहून झालाय.

म्हातारीनं मला रडू दिलं. थांब म्हणाली नाही, जवळही घेतलं नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू काय केलंस?" निघताना मात्र तिनं स्वतःहून विचारलं, "ती गाडी हाय का अजून?"

मालक मुलाला मी सगळं सांगितलं. एका कागदावर लिहूनही दिलं. त्यानं शेडमध्ये उभ्यानं तो वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "आंटी, लग्नाच्या गाडीवर मी हे लावू शकत नाही. पण ते महाराजांचं मी काढतो." मला ते पुरेसं वाटलं की नाही, आजही सांगता येत नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, तेही नाही. पुढच्या आठवड्यात फलकावर फक्त गाडीचं साल राहिलं.

म्हातारीला मी आणि तिचा मुलगा रिक्षानं शेडवर घेऊन आलो. चाचांनी जुम्म्याला घालायचा कुर्ता घातला होता. गाडी मध्यभागी उभी होती. म्हातारी तिच्याभोवती फिरली नाही. सरळ पुढच्या डाव्या बाजूला गेली आणि मडगार्डला चिकटून उभी राहिली. मडगार्डची कड तिच्या बरगडीला लागत होती. तिनं तिथं पत्र्यावर हात ठेवला, मग आपल्या बरगडीवर, मग पुन्हा पत्र्यावर.

"माजी आय माज्याएवढीच व्हती," ती म्हणाली.

चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. मालक मुलाला काय करावं सुचेना. त्यानं मागचं दार उघडलं आणि विचारलं, "आजी, बसणार का?"

"नाय," ती म्हणाली.

तिनं चहाही घेतला नाही, पाणी प्याली. तिच्या मुलानं मात्र घेतला, बशीत ओतून. तो गाडीजवळ गेला नाही, दारातूनच बघत राहिला. जाताना त्यानं चाचांना विचारलं, ही एका लिटरला किती चालते. चाचांनी सांगितलं.

परतताना पनवेलच्या बाजाराशी म्हातारीनं रिक्षा थांबवायला लावली. इथवर आलोच आहोत तर सुकट घेते, म्हणाली. मी तिच्या मागून मासळीवालीकडं गेले. तिनं मूठभर सुकट नाकाशी नेऊन वास घेतला, ओली आहे म्हणून परत टाकली, आणि पुढच्या बाईकडं निघाली.